बाजूची रांग

४ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी "जेल फाटलं" म्हटलं आणि तू आईला कळवलंस की माझी शाल फाटली. आईने नवी शाल पाठवली. थंड खोलीत काम करताना मी तीच पांघरते, तेव्हा तुझा बहिरेपणा अगदीच वाया गेलेला नाही.

काम मात्र वाया चाललंय. सव्वीस वर्षांपूर्वी तू ज्या टेबलाशी उभी राहून जे करून दाखवलंस, तेच त्याच टेबलाशी मला आठ महिने जमत नाहीये. माझं कुठे चुकतंय ते तुला सापडावं म्हणून सगळं क्रमाने सांगते. पेशी फोडून त्यांचं पाणी करते. त्यात बारीक मणी सोडते. मण्यांना थोरलीला पकडणारी अँटिबॉडी लावलेली. (थोरली आणि धाकटी ही नावं तूच ठेवलीस ना त्या दोन प्रोटीनांना? सर अजून तीच वापरतात.) तुझ्या भाषेत, गळ टाकते. थोरली गळाला लागते. तिने धाकटीचा हात धरलेला असेल तर धाकटीही तिच्या मागून वर यायला हवी. मग मणी धुते, उकळते, जे सुटेल ते जेलच्या चिकट थरात वजनाप्रमाणे वेगळं होईल असं चालवते, तिथून कागदावर उतरवते, कागद दुधाच्या पावडरीत भिजवते आणि दुसरी अँटिबॉडी लावून विचारते, धाकटे, आहेस का गं? असली तर काळी रेघ उमटायची. बाजूच्या रांगेत कंट्रोल, म्हणजे थोरलीला ओळखतच नाही असा गळ. ती रांग रिकामी राहायला हवी.

माझ्या दोन्ही रांगा रिकाम्या येतात. नुसता पांढरा कागद.

सरांचं पुढचं सगळं काम तुझ्या त्या एका रेघेवर उभं आहे, त्यामुळे ती पुन्हा उमटल्याशिवाय मला हलता येत नाही. पंधरा मार्चला माझं काम तपासायला समिती बसणार. तोवर काही दाखवता आलं नाही तर माझी जागा जाईल, असं सरांनी स्पष्ट सांगितलंय. तुझ्या बाहेरच्या खोलीत त्या रेघेचं चौकटीतलं चित्र मी लहानपणापासून बघतेय, पण परवा तुमच्या छापील लेखात पहिल्यांदा त्याच्याखालचं बारीक अक्षर वाचलं: "कंट्रोल रिकामा, चित्रात दाखवलेला नाही." तेव्हा तुम्ही कागदावरची रेघ फिल्मवर उमटवायचात ना, ती तुझी मूळ फिल्म असेल तर पाठव ना. बाजूची रांग किती स्वच्छ होती ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

तुझी
खारूताई

११ जानेवारी

खारूताई,

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं.

तुझं चुकतंय ते धुण्यात. तुम्ही पोरी मणी धुता की भांडी, तेच कळत नाही. नळी बर्फातून वर काढायची नाही, हलकेच उलटसुलट करायची, आणि त्या वेळी कोणाशी गप्पा मारायच्या नाहीत. तू गप्पा मारत असणार, मला सांगू नकोस. दूध रोजचं रोज कर. कालचं वापरलंस तर कागदावर डाग येतात आणि मग बसतेस रेघ शोधत.

फिल्मचं म्हणशील तर घर बदलताना कुठे गेली कोण जाणे. सव्वीस वर्षं म्हणजे काही थोडा काळ नाही.

सरांना नमस्कार सांग. माणूस तुसडा, पण कामाचा पक्का. तुला घ्या म्हणून त्यांच्याकडे मीच शब्द टाकला होता, तेव्हा नाक कापू नकोस माझं.

मावशी

२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू म्हणालीस तसं सगळं केलं. बर्फ, रोजचं दूध, तोंडाला कुलूप. एकवीस दिवसांत पाच वेळा. पाचही कागद कोरे.

काल सरांनी माझे कागद एकावर एक ठेवले, बोटांनी सरळ केले आणि म्हणाले, "प्रत्येकीला हात असतोच असं नाही. पूर्वीही एक मुलगी होती." एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी थंड खोलीत जाऊन रडले, तिथे पंख्याच्या आवाजात कोणाला कळत नाही.

मग ती पूर्वीची मुलगी कोण ते शोधलं. तळाच्या कपाटात तिची वही सापडली. नाव पुसलं गेलंय, पण वर कोणीतरी "टिपकागद" असं गमतीने लिहिलंय. मावशी, ते अक्षर तुझं आहे. तीन वर्षांची वही आहे. किती नीटनेटकं काम, तापमान, वेळ, बाटलीचा नंबर, सगळं टिपलंय, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एकच शब्द: नाही. शेवटच्या पानावर तोही शब्द लिहिलेला नाही. तिचं पुढे काय झालं?

मला वाटतं माझंही तेच होणार. हात नाही तर नाही. समितीसमोर जाऊन हसं करून घेण्यापेक्षा आधीच सोडलेलं बरं. आईला मी सांगेन, तू सांगू नकोस, तू शाल पाठवायला लावशील.

खारूताई

८ फेब्रुवारी

खारूताई,

काही एक सोडायचं नाही. तुझ्या आईने मला लहानपणी पाठीवर घेऊन शाळेत नेलंय, तिच्या पोरीला मी अशी घरी येऊ देणार नाही.

आता मी सांगते तसं कर आणि प्रश्न विचारत बसू नकोस. तुमचे नवे मणी, ज्यांच्यावर गळ रसायनाने कायमचा चिकटवलेला असतो, ते बाजूला ठेव. मागच्या डीप फ्रिजरच्या खालच्या कप्प्यात जुने मणी असतील आणि सशाच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीच्या बाटल्या, माझ्या अक्षरातल्या. थोरलीला पकडायला सशाची वापर, कंट्रोललाही सशाची आणि धाकटीला विचारायलाही सशाचीच. मणी चांगले खळखळून उकळ. आम्ही असंच करायचो. रेघ येईल.

टिपकागद हुशार होती. ऐकलेलं सगळं टिपून घ्यायची म्हणून ते नाव. तिला नाही जमलं. सगळ्यांनाच जमतं असं नाही, तू तिचा विचार करू नकोस.

मावशी

२७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

रेघ आली. पहिल्याच वेळी, काळी कुळकुळीत, नेमकी धाकटीच्या जागी. तुझ्या चित्राशेजारी धरली तर बहिणी वाटतील.

सर म्हणाले, "जरा स्वच्छ करून आण." दोन दिवसांनी दिली. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, दहा महिन्यांत पहिल्यांदा. पंधराला समितीपुढे तेच चित्र ठेवायचं ठरलंय. आईला कळवलं, ती शेजारीपाजारी सांगत फिरतेय.

तुझे फार उपकार आहेत. झोप मात्र नीट लागत नाही, दमले असेन. तुला तेव्हा कधी असं वाटलं होतं का, की

जाऊ दे. नंतर लिहीन.

खारूताई

३ मार्च

माझ्या खारूताई,

एक पानही न भरणारं पत्र तू मला जन्मात लिहिलेलं नाहीस. त्यात दूध नाही, बर्फ नाही, विनोद नाही, आणि बाजूच्या रांगेबद्दल अवाक्षर नाही. जानेवारीत तुला तीच रांग बघायची होती.

तेव्हा मीच सांगते त्या रांगेत काय आलं. रेघ आली. तेवढीच काळी, त्याच जागी. मला माहीत आहे, कारण ती येणार हे कृती लिहितानाच मला माहीत होतं.

जुन्या मण्यांवर गळ नुसता अडकवलेला असतो. उकळलं की तोही सुटतो आणि जेलमध्ये उतरतो. त्याचा जाड तुकडा वजनाला बरोबर धाकटीएवढा. गळ सशाचा, आणि शेवटी रंग आणणारी बाटली सशाचं काहीही दिसलं की त्याला चिकटते. म्हणजे उमटते ती रेघ गळाची. धाकटी तिथे असो नसो, रेघ येणारच, आणि बाजूच्या रांगेतही येणार, कारण गळ तिथेही आहे. आपलाच गळ आपण मासा म्हणून मोजला. तुझ्या नव्या मण्यांवरून गळ सुटत नाही, म्हणून तुझे कागद कोरे आले. ते कोरे कागदच खरे होते. तुझ्या हातात काही वाईट नाही.

आता सव्वीस वर्षांपूर्वीचं. माझ्या फिल्मवर दोन्ही रांगांत रेघ आली. मी तीन वेळा धुऊन धुऊन केलं, तीन वेळा तेच. तिसरी फिल्म सरांना दाखवली. त्यांनी दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "हे जरा स्वच्छ करून द्या." पुन्हा धुवायचं म्हणजे आणखी दोन दिवस थंड खोलीत उभं राहणं. मला काही पाप करायचं नव्हतं गं. मला कंटाळा आला होता. टेबलावर कात्री होती. मी बाजूची रांग कापली आणि दोन दिवसांनी, चौथ्यांदा केल्यासारखी, उरलेली फिल्म दिली. ते म्हणाले, "कंट्रोल आता ठीक?" मी हो म्हणाले. खालचं बारीक अक्षर त्या एका "हो"वर छापलंय.

मनाशी मात्र मी धरून बसले की त्यांना कापायलाच सांगायचं होतं, विचारलं ते आपलं म्हणायला. साहेब लोक सरळ बोलत नाहीत, "स्वच्छ करा" म्हणतात. या समजुतीवर मी आजवर दिवस काढले. मग तुझ्या पत्रात तोच शब्द वाचला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

टिपकागदबद्दलही खोटं बोलले तुझ्याशी. ती शहाणी होती, धाकटीला विचारायला तिने उंदराची अँटिबॉडी आणली, त्यामुळे सशाचा गळ दिसलाच नाही आणि तिचा प्रत्येक कागद कोरा. एक दिवस जेवायच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली आणि विचारलं, "ताई, तुमची बाजूची रांग कशी होती?" मी डबा उघडत म्हणाले, "रिकामी." तिने तेही टिपून घेतलं. पुढे दीड वर्ष ती रोज स्वतःलाच दोष देत राहिली, आणि मी तिला रोज बघत होते. ती प्रयोगशाळा सोडून गेली त्या दिवशी मी रजा घेतली.

आणि एवढं करून मी तुझ्या हातात तीच बाटली दिली. माझं मी लपवलं असतं आणि तुला यात ओढलं नसतं, तर तू तरी सुटली असतीस. तू सोडून येशील या भीतीने मी तुला माझ्यासारखी केली.

फिल्म हरवली नव्हती. सोबत पट्टी आहे. शिवणाच्या डब्यात, त्याच कात्रीखाली होती. टाकायचा धीर झाला नाही आणि दाखवायचाही.

तुझ्या बाजूच्या रांगेत काय होतं, ते आता तू लिही.

मावशी

१२ मार्च

खारूताई,

नऊ दिवस झाले. टपालवाल्याला मी दोनदा विचारलं, आता तो मला बघून सायकल जोरात मारतो. रागावली असशील तर राग लिही, चार शिव्या लिही, तुझ्या आईने शिकवलेल्या तुला येतात. समितीला तीन दिवस राहिले. तू त्या चित्रासह आत गेलीस तर परत येणं कठीण असतं, हे मी सोडून तुला कोण सांगणार?

भिंतीवरची चौकट मी काढली. तिथे आता पांढरा चौकोन दिसतो आणि येणारा जाणारा विचारतो.

मावशी

१६ मार्च

मावशी,

पहिले दोन दिवस मी तुझं पत्र पिशवीत घेऊन फिरले आणि तुला काहीबाही बोलले, मनातल्या मनात, पण तुला सुद्धा ऐकू गेलं असतं इतक्या जोरात. माझे कोरे कागद खरे आहेत हे तुला जानेवारीतच माहीत होतं. मी थंड खोलीत रडत होते तेव्हा माहीत होतं. ते मी लगेच विसरेन असं म्हणत नाही.

पण कापलं ते मीच. मला कात्रीही लागली नाही, संगणकावर चौकट ओढली आणि बाजूची रांग बाहेर. दोन सेकंद. सरांनी "स्वच्छ करून आण" म्हटलं आणि मला तुझ्यासारखंच ऐकू आलं, कान माझे चांगले असून. तुझी फिल्म पाहिलेली नव्हती तरी माझ्या रांगेत काय आलं आणि त्याचा अर्थ काय, हे मला कळलं होतं. तरी मी तुला "बहिणी वाटतील" असं लिहिलं. लाज वाटते.

तेरा तारखेला मी सरांच्या खोलीत गेले. तुझी पट्टी आणि माझ्या रांगेचा छापलेला तुकडा खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "मी धुवायला सांगितलं होतं. दोघींनाही."

मावशी, ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांचा चेहरा पाहिला. तुला हे न सांगता राहता आलं असतं, पण आता आपल्यात तसं नको. थोड्या वेळाने त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "पूर्ण फिल्म मागायला हवी होती. मला रेघ हवी होती, म्हणून मागितली नाही." त्यांचं सगळं काम त्या रेघेवर आहे आणि दोन वर्षांत ते निवृत्त होणार. एकदम म्हातारे दिसले.

काल समितीपुढे मी दोन्ही पट्ट्या ठेवल्या, कोरे कागद ठेवले आणि टिपकागदची वही. कापलेल्या चित्राचंही सांगितलं. एक बाई खूप बोलल्या, बोलायलाच हवं होतं. मला लेखी ताकीद मिळाली. सहा महिने दिलेत: थोरली आणि धाकटी हात धरत नाहीत, हे नीट सिद्ध करून छापायचं. सरांनी जुना लेख मागे घेण्याचं पत्र स्वतः लिहायला घेतलंय. त्यात तुझं नाव येणार, कात्रीसकट. आईला मी अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग.

नवा लेख म्हणजे निम्मी ती वहीच आहे, म्हणून तिचं नाव पहिलं यायला हवं. वहीतल्या तारखांवरून कार्यालयातल्या जुन्या रजिस्टरमध्ये तिचं नाव सापडलं आणि विचारत विचारत पत्ताही मिळाला. ती शाळेत गणित शिकवते. शाळावाले तिला विज्ञान द्यायला निघाले होते, तर नको म्हणाली म्हणे. परवानगी मागायला मी लिहू शकते, पण मला वाटतं ते पत्र माझं नाही.

पत्ता मागच्या बाजूला आहे. तुझी पट्टी परत पाठवतेय.

खारूताई

२१ मार्च

प्रिय टिपकागद,

हे नाव मीच ठेवलं होतं, आणि दुसऱ्या कुठल्या नावाने तुला हाक मारायचा मला आता हक्क वाटत नाही. मी प्रयोगशाळेतली ताई. शेवटच्या टेबलावरची. तुला मी आठवत नसेन तर बरंच, पण आठवत असेन.

एकदा जेवायच्या सुट्टीत तू मला विचारलं होतंस की माझी बाजूची रांग कशी होती. मी रिकामी म्हणाले. ती रिकामी नव्हती. सोबत आहे ती. उजेडात धरून बघ, काही समजावून सांगावं लागणार नाही, तुला तर नाहीच.

मी ती कापली होती. सरांनी कापायला सांगितलं असं मी सव्वीस वर्षं मनाशी म्हणत आले. त्यांनी धुवायला सांगितलं होतं. तेव्हा दोष वाटून घ्यायला माझ्याकडे कोणी उरलेलं नाही, आणि ते ठीकच आहे.

तुझी वही सापडली आहे. माझी भाची ती पुढे नेतेय, आणि तुझं नाव पहिलं लावायला तुझी परवानगी मागतेय. नको म्हणालीस तर तिला कळेल. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, माफी मी मागतेय पण ती द्यायलाच हवी असं नाही.

परवा बहिणीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्या मुलीला सांगितलंस का?" म्हणून आज लिहायला बसले. चार कागद फाडले. सांगायचं होतं ते एका ओळीचं आहे, आणि तेव्हाच, डबा उघडायच्या आधी, सांगायला हवं होतं.

तुझे हात चांगले होते.

ताई